धावणाऱ्या मुलीचा रिपोर्ट

शाळेच्या क्रीडादिनी आठवीतली एक मुलगी दोनशे मीटरमध्ये सर्वांना मागे टाकून पुढे आली. मागच्या रांगेतल्या एक आपा हळूच म्हणाल्या, "ही नक्की मुलगीच ना?" आम्ही ऐकून न ऐकल्यासारखे केले. ते बरे केले नाही.

हाच प्रश्न २०१४ मध्ये ओडिशाच्या विणकर घरातल्या द्युती चंदला नियमपुस्तक हातात घेऊन विचारला गेला. वय १८. रक्तात टेस्टोस्टेरॉन ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. हे संप्रेरक पुरुषांत भरपूर, पण बाईच्या शरीरातही असतेच. द्युतीने कसलेही औषध घेतले नव्हते. अल्लाहने दिलेले शरीर तसे होते. तरी ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून तिला वगळले. औषधाने किंवा शस्त्रक्रियेने पातळी खाली आणा, मग धावा, असा नियम! ती नाही म्हणाली आणि स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाकडे गेली. जुलै २०१५ मध्ये लवादाने नियम स्थगित केला, कारण अशा मुलींना नेमका किती फायदा होतो याचा पुरेसा पुरावा महासंघाकडे नव्हता. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये द्युतीने १०० आणि २०० मीटरची दोन रौप्यपदके आणली.

दुसरी बाजूही खोटी नाही. मुलींच्या शर्यती वेगळ्या ठेवल्या कशासाठी? वयात आल्यावर याच संप्रेरकाने मुलांचे स्नायू आणि हाडे बळकट होतात म्हणून. चौथ्या आलेल्या मुलीचीही मेहनत असतेच. २०१८ मध्ये ४०० मीटर ते एक मैल या शर्यतींपुरता नवा नियम आला, त्यात दक्षिण आफ्रिकेची कास्टर सेमेन्या अडकली. लवादाने २०१९ मध्ये तो भेदभावाचा आहे हे मान्य केले, तरी गरजेचा ठरवला. आता तर जागतिक स्पर्धेत उतरण्याआधी महिलांना जनुक चाचणी द्यावी लागते.

तो वाद जाणकार लढवोत. आमचे मन अडते शांती सौंदराजनपाशी. तमिळनाडूच्या वीटभट्टी मजुरांची ही लेक. २००६ च्या दोहा एशियाडमध्ये ८०० मीटरचे रौप्य जिंकले. चाचणीनंतर ते काढून घेतले आणि तिच्या शरीराची बातमी देशभर झाली. आपण मुलीच्या तब्येतीचा कागद घरातल्या पाहुण्यांसमोरही उघडत नाही.

त्या आपांना आम्ही दुसऱ्या दिवशी फोन केला. आधी रागावल्या, मग गप्प झाल्या. मुलगी तालुक्याच्या स्पर्धेला जाणार आहे. तिच्या अम्मींकडून बुटाचे माप मागवले आहे.