जिराची, कल्पवृक्ष आणि आपल्या इच्छा



नव्या सत्राच्या पहिल्या पालक-शिक्षक बैठकीत अनेक पालकांनी एकच तक्रार मांडली. मुले पोकेमॉनची कार्डे दप्तरात घालून शाळेत आणतात, मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून त्यांची देवाणघेवाण करतात आणि घरी गेल्यावर मोबाईलवर पुन्हा तोच खेळ चालतो. विश्वस्त मंडळातील काही ज्येष्ठांचे म्हणणे पडले की, ह्या परदेशी राक्षसांना शाळेत पूर्ण बंदी असावी. ह्या विषयावर आमचे मत थोडे निराळे आहे. ते सर्वांसमोर यावे म्हणून हा लेखप्रपंच.

एखाद्या गोष्टीवर बंदी घालण्यापूर्वी ती काय आहे हे जाणून घेणे शिक्षकाचे कर्तव्य आहे. पोकेमॉनचा पहिला खेळ जपानमध्ये १९९६ साली आला. त्याचे जनक सातोशी ताजिरी ह्यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा छंद होता, आणि त्याच छंदातून प्राणी शोधून त्यांचा संग्रह करण्याची कल्पना पुढे आली. आमच्या पिढीने पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी आणि काड्यापेटीवरची चित्रे जमवली. संग्रहाची हौस ही मुलांची जुनी हौस आहे, तिला परदेशी म्हणता येणार नाही.

मुलांशी बोलताना त्यांच्या तोंडी एक नाव वारंवार ऐकू आले, ते म्हणजे जिराची. २००२ सालच्या ‘रुबी’ आणि ‘सॅफायर’ ह्या खेळांपासून तो पोकेमॉनच्या यादीत आहे आणि त्याचा क्रमांक ३८५ आहे. हा इवलासा जीव हजार वर्षे झोपतो आणि फक्त सात दिवस जागा होतो. त्याच्या डोक्याला तीन चिठ्ठ्या लटकलेल्या असतात. त्यांवर लिहिलेली इच्छा तो पूर्ण करतो, अशी कल्पना आहे. म्हणजे आपल्याकडे जो कल्पवृक्ष, जी कामधेनू, जो चिंतामणी, तोच हा जपानी मुलांचा जिराची.

ह्या चिठ्ठ्या आल्या कोठून? जपानमध्ये तानाबाता नावाचा सण आहे. पुष्कळ ठिकाणी तो ७ जुलैला होतो, सेंदाई शहरात मात्र ऑगस्टमध्ये. लोक रंगीत कागदाच्या पट्ट्यांवर आपली इच्छा लिहून त्या बांबूच्या फांद्यांना बांधतात. मूळ कथा चीनमधून आलेली आहे. आकाशदेवाची विणकर कन्या आणि एक गुराखी ह्यांचा विवाह झाला. दोघे एकमेकांत इतके रमले की, तिचा माग थांबला आणि त्याची गुरे वाट्टेल तिकडे भटकू लागली. तेव्हा देवाने त्यांना आकाशगंगेच्या दोन तीरांवर वेगळे केले आणि वर्षातून एकदाच, सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी, भेटण्याची परवानगी दिली. त्या रात्री पाऊस पडला तर भेट हुकते म्हणतात.

विद्यार्थी मित्रांनो, हे दोघे तुमच्या ओळखीचे आहेत. विणकर कन्या म्हणजे आपला अभिजित तारा आणि गुराखी म्हणजे श्रवण नक्षत्राचा ठळक तारा. श्रावण महिन्याचे नाव ह्याच श्रवणावरून पडले. पावसाने उसंत दिली तर इंदूरच्या गच्चीवरूनही दोघे दिसतील.

ह्या सणातील एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. जुन्या काळी ह्या दिवशी वस्तू मागत नसत, कौशल्य मागत. विणकाम, शिवणकाम सुधारावे, अक्षर वळणदार व्हावे, अशी ती मागणी असे. काम सोडल्यामुळे ज्यांची ताटातूट झाली, त्यांच्यापाशी आणखी काय मागणार? हाताला काम यावे, हीच प्रार्थना तेथे शोभते.

२००३ साली जपानमध्ये जिराचीवर चित्रपट आला. त्यात मॅक्स नावाचा लहान मुलगा भरपूर खाऊ मागतो आणि क्षणात खाऊचा ढीग पडतो. पण तो खाऊ आकाशातून आलेला नसतो, जवळच्या विक्रेत्याकडचा उचलून आणलेला असतो! आपल्याला फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत कोणीतरी दुसरा मोजत असतो, हे इतक्या सोप्या रीतीने आम्हांलाही सांगता आले नसते. त्याच चित्रपटात बटलर नावाचा जादूगार आहे. अपयशामुळे त्याच्या साथीदारांनी त्याला हिणवून हाकलले, म्हणून जिराचीच्या शक्तीने एक महाकाय प्राणी जिवंत करून दाखवायचा त्याचा हट्ट. उभा राहतो तो नकली राक्षस, आणि तो माणसांनाच गिळू लागतो. आपल्या भस्मासुराची गोष्ट ठाऊक असलेल्यांना ह्यात नवल वाटणार नाही. अखेर बटलरला पश्चात्ताप होतो आणि तोच राक्षसाला आवरायला मदत करतो.

प्रत्यक्ष खेळातही एक मौज आहे. जिराचीची ‘विश’ नावाची चाल आहे. ती खेळली की लाभ लगेच मिळत नाही, पुढच्या फेरीच्या शेवटी मिळतो, आणि तोही पूर्ण नव्हे, अर्धी शक्ती भरून येते. तोपर्यंत मैदानात टिकून राहावे लागते. सहामाहीच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्यांनी हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

मग आक्षेप कशाला आहे? आक्षेप आहे बाजाराला. मूळ खेळात हा इच्छापूर्ती करणारा जिराची नुसते खेळून मिळतच नसे. अमेरिकेत २००४ साली तो मिळवण्यासाठी ‘कोलोसियम’ ह्या दुसऱ्या खेळाच्या आगाऊ नोंदणीबरोबर मिळणारी खास तबकडी लागे. २०२१ च्या ‘ब्रिलियंट डायमंड’ आणि ‘शायनिंग पर्ल’मध्ये तो त्यालाच मिळे, ज्याने आधीचा ‘स्वॉर्ड’ किंवा ‘शील्ड’ खेळलेला आहे. म्हणजे सर्वांच्या इच्छा पूर्ण करणारा हा जीव स्वतः मात्र खरेदीच्या पावतीमागे उभा असतो. कार्डांचे तेच आहे. बंद पाकिटात काय निघेल ठाऊक नसते, म्हणून मूल आणखी एक पाकीट मागते. ज्या घरी ते परवडत नाही, त्या घरचे मूल मधल्या सुट्टीत नुसते बघत उभे राहते. आमची काळजी त्या मुलाची आहे.

म्हणून आमचा निर्णय असा. शाळेच्या वेळेत कार्डांची खरेदी-विक्री आणि अदलाबदल बंद राहील. परंतु शनिवारच्या तासाला कोणाही विद्यार्थ्याने आपल्या आवडत्या पोकेमॉनविषयी वर्गासमोर पाच मिनिटे बोलावे. अट एकच, मराठीत बोलावे.

ही अट का, तेही सांगतो. आमची पदवी हिंदी माध्यमातून झाली. मराठी आम्हांला घरातून मिळाली आणि पुढे वाचून, लिहून टिकवावी लागली. ‘मुलांना मराठी आली पाहिजे’ ही इच्छा प्रत्येक स्नेहसंमेलनात व्यासपीठावरून ऐकू येते. किती वर्षे ऐकतो आहोत! पण घरी आजीशीसुद्धा हिंदीत बोलायचे, मराठी पुस्तक विकत घ्यायचे नाही आणि भाषा टिकावी म्हणायचे, ही जिराचीकडे केलेली मागणी झाली. तो तर हजार वर्षांनी उठणार. तोपर्यंत माळव्यातल्या आपल्या मराठीने कोणाची वाट पाहावी?

येत्या राखीपौर्णिमेपर्यंत शाळेच्या ग्रंथालयासमोर एक बांबू उभा राहील. प्रत्येकाने त्याला एक चिठ्ठी बांधावी. चिठ्ठीवर दोन ओळी असाव्यात. पहिलीत, मला काय हवे आहे. दुसरीत, त्यासाठी मी रोज काय करणार आहे. नुसती पहिली ओळ असलेली चिठ्ठी स्वीकारली जाणार नाही, मग ती पहिलीतल्या मुलाची असो वा विश्वस्तांची. पालकांनीही ‘माझ्या मुलाला नव्वद टक्के मिळोत’ असे लिहून थांबू नये. खाली स्वतःचे काम लिहावे.

वार्षिक परीक्षेनंतर ह्या चिठ्ठ्या ज्याच्या त्याला परत मिळतील. दुसरी ओळ कितपत पाळली गेली, हे ज्याचे त्याने वाचावे. आमची चिठ्ठी आम्ही सर्वांत आधी बांधणार आहोत. आठवड्यातून दोन दिवस शाळा सुटल्यावर एक तास आम्ही ग्रंथालयात बसू आणि जो येईल त्याच्याबरोबर मराठी पुस्तक वाचू. ज्यांना यायचे असेल त्यांनी वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे.