अण्णांचा रेडिओ

वर्षभर या पानावर मी शुद्धलेखन, परीक्षा आणि शिक्षकांची खोली यांविषयीच बोलत आले. दिवाळीच्या अंकात तरी काही खमंग लिहा, असा संपादकांचा निरोप आला. पण काय सांगू! गेला महिनाभर आमच्या घरात चकलीच्या भाजणीपेक्षा एका भलत्याच विषयाची चर्चा चालू होती. गाडीतला रेडिओ कसा बदलावा? तेव्हा वाचकहो, यंदा त्यावरच गोड मानून घ्या.

गाडी आमची म्हणायची, पण खरी ती अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील. दौंडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात त्यांची उभी हयात गेली. आईच्या औषधपाण्यासाठी वरचेवर पुण्याला जावे लागे, म्हणून २०१२ साली त्यांनी ही लहानशी गाडी घेतली. वाटेत आईला विविधभारती लागे. गाणे आवडते आले की ती नुसती बोटाने आवाजाची कळ वाढवी. अण्णांना ते कळे. २०१९ साली आई गेली. गेल्या वर्षी अण्णांची नजर अधू झाली, तेव्हा त्यांनी चावी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "ऑइल वेळेवर बदलत जा." बस, एवढेच!

गाडी शिरूरला आली. जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात, त्या आमच्या गावाला. आणि आली ती कन्येच्या तावडीत सापडली. जुन्या सेटमधला सीडीचा भाग बंद पडलेला, फोन त्याला जोडता येत नाही, म्हणजे गाणी नाहीत. आणि गाण्यांवाचून प्रवास तो कसला? एके दिवशी ती म्हणाली, "आई, आपल्याला डबल डिन लागेल."

मी चमकले. म्हटले, "अगं, प्राध्यापकाचे घर असले तरी आपण इतके काही दीन नाही!"

मग उलगडा झाला. 'डिन' ही जर्मनीतल्या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या नावाची आद्याक्षरे. गाडीतल्या सेटचे माप तिने ठरवून दिले : रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५० मिलिमीटर. उंची दुप्पट, म्हणजे १००, झाली की तो डबल डिन. खण मोजल्याशिवाय सेट विकत घेऊ नये, हा पहिला धडा. दुसरा धडा आमच्या यजमानांनी दिला.

त्यांनी रविवारी सकाळी शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधला पेचकस घेतला, सेटभोवतीच्या चौकटीच्या फटीत घातला आणि जोर दिला. करकर असा आवाज झाला. चौकट जागची हलली नाही. डॅशबोर्डवर मात्र बोटभर लांबीचा पांढरा ओरखडा उमटला. "दिसत नाही फारसा," ते म्हणाले. त्यानंतर गाडीत बसले की मला दुसरे काही दिसेना!

मग आम्ही एका दुकानात गेलो. कुठल्या, ते विचारू नका. तिथल्या पोराने पकड हातात घेतली. "मागच्या वायरी कट करू, नव्या जोडू, टेप मारू. दहा मिनिटांचं काम, मॅडम." मला आमच्या एका सहकाऱ्यांची गाडी आठवली. त्यांच्या सेटच्या वायरी अशाच कापून जोडताना पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली. पिवळीतून सेटला सतत वीज हवी असते, स्मरणासाठी. लालमधून फक्त चावी फिरवल्यावर. आता तो सेट गाडी बंद केली की सारी स्टेशने विसरतो, परीक्षा संपल्यावर आमचे विद्यार्थी विसरतात तसा! मी गाडी परत घेतली. पण आता अण्णांना सांगणे भाग होते. आठवडाभर टाळले आणि मग फोन केला.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आवाज आला, "वायर कापली नाही ना?"

"नाही अण्णा."

"मग रविवारी घेऊन ये. आणि जावईबापूंना म्हणावं, पेचकस घरी ठेवा."

न्हावरे, मग भीमा ओलांडून चौफुला, तिथून पाटस आणि दौंड. वाटेत उसाचे ट्रॅक्टर चुकवत पोहोचलो, तर अण्णा अंगणात तयार. बांबूच्या चार चपट्या पट्ट्या त्यांनी काचकागदाने घासून अगदी गुळगुळीत केल्या होत्या. शेजारी चिकटपट्टी, जुना टॉवेल आणि एक वाटी. गाडी आधी तासभर उन्हात उभी करायला लावली. गार प्लास्टिक कडक असते, ते तडकते. कोमट झाले की नमते. मग दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची ऋण तार सोडवली. "आधी वीज बंद, मग हात. आणि दहा मिनिटं थांबायचं," अण्णा म्हणाले. तेवढ्यात चहा झाला.

चौकटीच्या चारही कडांना चिकटपट्टी लावली, गिअरवर टॉवेल पांघरला. पट्टी खालच्या कडेत सरकवून थोडी कलती केली. टक्! एक खाच सुटली. मग पुढची. एकाच जागी जोर लावायचा नाही, सगळीकडून थोडे थोडे सैल करत जायचे. चौकट निघाली, तरी अण्णांनी ती ओढू दिली नाही; धोक्याच्या दिव्याच्या बटणाची वायर मागे जोडलेली होती. मग चार स्क्रू वाटीत पडले, सेट पुढे आला. नातीने मागच्या जोडांचा फोटो काढून ठेवला. अण्णांनी चाचपून कपलरची खिट्टी दाबली आणि कपलर धरून, वायर न ओढता, तो अलगद वेगळा केला. शेवटी एरियलची पिन.

"जोड असतो तिथूनच सोडवावं," ते म्हणाले. "आमच्या खात्यात काम चालू असताना गाड्या थांबत नसत. पुन्हा जोडता येईल, असंच सोडवायचं."

नव्या सेटसाठी या गाडीला बसणारा मधला कपलर आणि चौकट आणली होती. काही शे रुपयांत दोन्ही मिळतात. पिवळी, लाल, काळी हे सारे जोड नव्या सेटच्या बाजूला केले. गाडीच्या मूळ वायरीला कात्री लागली नाही. सगळे बंद करण्याआधी बॅटरी जोडून चारही स्पीकर वाजवून पाहिले, वायरी मागे दबत नाहीत ना ते पाहिले, मगच स्क्रू आवळले. ज्या गाड्यांत पडदा, मागचा कॅमेरा आणि एसीची बटणे एकत्र गुंफलेली असतात, तिथे मात्र घरी हात घालू नये, जाणत्याकडेच जावे.

डॅशबोर्डवर नवा ओरखडा एकही नाही. जुना तेवढा राहिला.

काढलेला सेट अण्णा बराच वेळ हातात धरून बसले. आवाजाच्या कळीवरची अक्षरे पुसट झाली होती. ती कोणाच्या बोटाने, हे आम्ही कोणी बोललो नाही. मला वाटले, आपण हे करायला नको होते. पण अण्णा उठले, आणि तासाभराने आतून विविधभारती ऐकू आली! जुन्या बाजारातून जोडीचा कपलर, बारा व्होल्टची बॅटरी आणि एक स्पीकर त्यांनी आधीच आणून ठेवला होता. वायर कापली नाही ना, हे त्यांनी का विचारले, ते आता कळले.

निघताना नव्या सेटने पडद्यावर विचारले, फोन जोडायचा का? कन्या पुढे सरसावली, तर अण्णांनी खिडकीतून आपला फोन पुढे केला. "माझा आधी जोड."

आता दौंडला गेले की गाडी फाटकाशी थांबते न थांबते, तोच पडद्यावर 'अण्णा' अशी अक्षरे उमटतात. परत निघताना गाडी गल्लीच्या वळणापर्यंतही जात नाही आणि ती मावळतात. तेवढ्या वेळात कन्या गाण्यांसाठी घाई करत नाही. यंदा भाऊबीजेला जाणार आहोतच. फराळाबरोबर अण्णांना काचकागदही न्यायचा आहे. जावईबापूंना शिकवायचे आहे म्हणतात!