संगणक सुरू व्हायला वेळ लागतोय?

गेल्या महिन्यात आनेकलला मावसबहिणीकडे चार दिवस राहून आले. सकाळी तिनं कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. चहा झाला, पिऊन झाला, तरी पडद्यावर गोल चक्र फिरतच होतं.

"रोजचंच आहे हे, ताई," ती म्हणाली. "हे म्हणतात, पन्नास हजारांची तजवीज करून नवाच घेऊ."

आनेकलपासून इलेक्ट्रॉनिक सिटी तासाभराच्या अंतरावर. संगणकाच्या जोरावर नावारूपाला आलेल्या त्या भागाच्या शेजारी राहूनही घरच्या संगणकाची ही गत! पण मशीन जुनं झालं म्हणजे निकामी झालं, असं नसतं. आधी वेळ कुठे जातो ते पाहावं.

बटण दाबल्यावर संगणक प्रथम मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत ना, हे तपासतो. मग डिस्कवरून विंडोज मेमरीत आणतो. शेवटी आपोआप सुरू होणारे प्रोग्राम जागे होतात. उशीर होतो तो बहुधा शेवटच्या दोन टप्प्यांत.

गर्दी कमी करा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात स्टार्टअपचा विभाग असतो. नको असलेल्या प्रोग्रामवर माऊसचं उजवं बटण दाबून 'डिसेबल' निवडा. प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त न बोलावता येत नाही. अँटिव्हायरसला मात्र हात लावू नका. बहिणीच्या यादीत तर केव्हाच देऊन टाकलेल्या प्रिंटरचाही प्रोग्राम होता!

सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर नको त्या फायली काढा. आणखी एक गोष्ट. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आली. तिच्यामुळे 'शट डाऊन' केल्यावरही विंडोजचा काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. म्हणून संगणक अडखळू लागला, तर अधूनमधून 'रीस्टार्ट' करावं. त्यानं विंडोज खरोखर नव्यानं सुरू होतं.

खरा फरक डिस्कचा

जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते, बहुधा मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा, आणि वाचणारा काटा इकडून तिकडे धावतो. सुरू होताना हजारो लहान फायली लागतात. त्या गोळा करण्यातच वेळ जातो. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यानं हा वेळ वाचतो. नव्या संगणकापेक्षा पुष्कळ कमी खर्चात ती बसवता येते आणि जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवता येतं.

बहिणीच्या डिस्कमधून मात्र मधूनच टक्‌टक् आवाज येत होता. माझ्या पोटात गोळा आला. "काकांचे फोटो कुठे आहेत?" मी विचारलं.

"यातच."

काका जाऊन दोन वर्षं झाली. साताऱ्याच्या घरचा त्यांचा शेवटचा गणपती फक्त त्या डिस्कवर होता. आम्ही मेकॅनिकला बोलावण्याआधी त्याच रात्री सगळे फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवले. दोन उघडलेच नाहीत. बाकीचे वाचले. अचानक आलेला संथपणा आणि असा आवाज म्हणजे डिस्क अखेरच्या घटका मोजत असल्याची खूण असू शकते. अशा वेळी वेगाचा विचार नंतर, आधी फोटो आणि कागदपत्रं वाचवा.

खर्च करण्यापूर्वी आणखी एक पाहा. विंडोज १० ला मिळणारं मायक्रोसॉफ्टचं नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं आणि बऱ्याच जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही. बँकेचे व्यवहार त्याच संगणकावर होत असतील, तर हे मेकॅनिकला आधीच विचारून घ्या.

बहिणीचा संगणक विंडोज ११ चालण्याजोगा निघाला. नवी डिस्क बसली. परवा तिचा फोन आला, "ताई, आता आधण ठेवून येईपर्यंत हा तयार!" काकांच्या फोटोंची दुसरी प्रत तिनं मावशीकडे साताऱ्याला पाठवली आहे. तुमच्या घरचे फोटो किती ठिकाणी आहेत, आज एकदा पाहून घ्या.