धोंडो गेला, बरं झालं

परदेशातल्या आमच्या मराठी मंडळात कुणाकडे बारसं असलं की पंगतीत एक हळहळ ठरलेली. जुनी नावं गेली हो, आता धोंडो कोण ठेवतं! माझं म्हणणं उलट आहे. धोंडो गेला ते बरंच झालं, कारण हे नाव सहसा कुणी हौसेनं ठेवतच नसे.

काही घरांत अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात, जन्मलेला मुलगा धोंडू व्हायचा हे खरं. पण पुष्कळसे धोंडू भीतीपोटी आले. पाठोपाठ मुलं दगावलेल्या घरात पुढचं तरी जगावं म्हणून त्याला इतकं टाकाऊ नाव द्यायचं, की त्याच्याकडे कुणाची नजरच जाऊ नये. दगडू, केरू, भिकू, उकिरडा ही सगळी त्याच कुळीतली. कुठे तान्ह्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवत. शेजारीण ते उचलून आणी आणि आई मूठभर कोंडा देऊन आपलंच मूल विकत घेई. तो झाला कोंडिबा. मुलगी भासावी म्हणून ज्याचं नाक टोचलं, तो नथू. याला आपलाच अडाणीपणा म्हणायचंही कारण नाही. रोमन काळातल्या इजिप्तमधल्या पपायरसांवरही उकिरड्यावरून ठेवलेली माणसांची नावं सापडतात.

यावर लगेच महर्षी कर्व्यांचं उदाहरण येतं. (दादासाहेब फाळक्यांचं देऊ नका, ते धुंडिराज, म्हणजे गणपती.) 1858 साली जन्मलेल्या धोंडो केशवांनी विधवांसाठी आश्रम काढला, 1916 साली महिला विद्यापीठ उभं केलं, शंभरीत भारतरत्न झाले. गणिती केरो लक्ष्मण छत्रेही मोठेच. नावानं त्यांचं काही अडलं नाही, तसं नावानं काही घडलंही नाही. कर्व्यांना तर सगळे अण्णाच म्हणत.

संस्कृती गेली म्हणणाऱ्यांनी एक आकडा बघावा. 2020च्या सरकारी नमुना नोंदणीत महाराष्ट्रातला अर्भकमृत्युदर हजारी 16 होता. देवी हटली, लशी आल्या, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. यमाला चकवायची गरज उरली नाही, म्हणून नाव मागे पडलं. सोळा हेही कमी नाहीत, पण निदान लोक आता बाळाला डॉक्टरकडे नेतात.

आणि मुलींचं काय? मुलाला वाईट नाव द्यायचं ते तो राहावा म्हणून. मुलीला नकुशी म्हणायचं ते पुढची मुलगी येऊ नये म्हणून. 2011 साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून जास्त नकुशींना समारंभानं नवी नावं दिली गेली. तेव्हा जुनं नाव गेलं म्हणून कुणी गळा काढल्याचं मला आठवत नाही.

जुनं नाव हवंच असेल तर पांडुरंग आहे, गजानन आहे, विश्वनाथ आहे. ती लाडानं ठेवलेली नावं आहेत. इथल्या शाळेतल्या बाईंची जीभ ती घेताना दोन-चार दिवस अडखळेल. अडखळू दे.