कमलाताईंनी कोणाला सोबत घ्यावं? पेनसिल्व्हेनियातल्या एका मतदाराचं मत

गुरुवार, १ ऑगस्ट २०२४

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

काल रात्री पुण्याहून भावाचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर म्हणाला, "ते सगळं ठीक आहे रे, पण तुमचा उपाध्यक्ष कोण होणार ते सांग." मी म्हटलं, मला कसं ठाऊक असणार? तर म्हणे, "तू पेनसिल्व्हेनियात राहतोस ना? मग तुलाच विचारणार."

त्याचं काही चुकलं नाही म्हणा. २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतली आणि कमला हॅरिस यांचं नाव पुढे केलं, तेव्हापासून आमच्याकडे दुसरा विषय नाहीये. आजपासून पक्षाच्या प्रतिनिधींचं ऑनलाइन मतदान सुरू झालंय, आणि येत्या मंगळवारी, ६ तारखेला, कमलाताई आपल्या जोडीदाराला घेऊन फिलाडेल्फियात सभा घेणार आहेत. म्हणजे चार-पाच दिवसांत नाव कळेलच. त्याआधी माझं मत मांडून ठेवतो. चुकलं तर हसायला तुम्ही आहातच.

आधी भारतातल्या मित्रांसाठी थोडं. हे पद आपल्या उपमुख्यमंत्र्यासारखं नाही. उपमुख्यमंत्रिपदाचा आपल्या घटनेत उल्लेखही नाही, आणि महाराष्ट्रात सध्या दोन-दोन आहेत. उपराष्ट्रपतींशी थोडं साम्य आहे, कारण ते जसे राज्यसभेचे सभापती असतात तसा इथला उपाध्यक्ष सिनेटचा. पण मोठा फरक असा की आपल्याकडे राष्ट्रपती गेले तर उपराष्ट्रपती तात्पुरता कारभार बघतात आणि मग निवडणूक होते. १९६९ मध्ये झाकिर हुसेन गेले तेव्हा व्ही. व्ही. गिरींनी असाच कारभार पाहिला. इथे निवडणूक वगैरे काही नाही. अध्यक्ष गेला की उपाध्यक्ष उरलेल्या पूर्ण मुदतीसाठी अध्यक्ष. आजवर नऊ जण असे अध्यक्ष झालेत, आठ मृत्यूमुळे आणि एक, जेरल्ड फोर्ड, निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे. १९४५ मध्ये रूझवेल्ट गेले तेव्हा ट्रुमन यांना उपाध्यक्ष होऊन ८२ दिवस झाले होते. अणुबॉम्बची नीट माहितीही त्यांना कोणी दिलेली नव्हती.

म्हणून माझी पहिली कसोटी साधी आहे. उद्या सकाळी या माणसाला अध्यक्ष व्हावं लागलं तर आपल्याला झोप लागेल का?

दुसरी कसोटी, याच्यामुळे नुकसान तर होणार नाही ना? १९७२ मध्ये मॅकगव्हर्न यांनी घाईघाईत थॉमस ईगलटन यांना निवडलं. मग त्यांनी नैराश्यासाठी विजेच्या झटक्यांचे उपचार घेतल्याचं बाहेर आलं आणि अठरा दिवसांत त्यांना बाजूला व्हावं लागलं. आजारपण हा काही गुन्हा नव्हे, पण उमेदवाराला ते आधी माहीत नव्हतं, हे लोकांना खटकलं. मॅकगव्हर्न ४९ राज्यांत हरले. एरवी या चौकशीला महिनोन्‌महिने मिळतात. यंदा माजी ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांच्या चमूला जेमतेम दोन आठवडे मिळालेत. तेव्हा ज्याची उलटतपासणी मतदारांनी आधीच अनेकदा केली आहे, असाच माणूस बरा.

तिसरी कसोटी, बाकी सगळं सारखं असेल तर मतांचा उपयोग काय?

यात गडबड कुठे होते, तर आपण सगळे तिसरीपासूनच सुरुवात करतो. "अमुक घेतला की अमुक राज्य खिशात." इतिहास तसं म्हणत नाही. १९८८ मध्ये डुकाकिस यांनी टेक्ससचे सिनेटर लॉईड बेंटसन यांना घेतलं. टेक्ससच्या मतदारांनी त्याच दिवशी बेंटसन यांना सिनेटवर परत पाठवलं आणि अध्यक्षपदासाठी मात्र बुश यांना मत दिलं! २००४ मध्ये एडवर्ड्स नॉर्थ कॅरोलायनाचे, ते राज्य गेलं. २०१२ मध्ये पॉल रायन विस्कॉन्सिनचे, तेही गेलं. लोक १९६० चे केनेडी-जॉन्सन आठवतात, कारण तिथे टेक्सस जेमतेम ४६ हजार मतांनी हाती लागलं होतं. पण असं क्वचित घडतं.

तर आता नावं बघू.

मार्क केली, ॲरिझोनाचे सिनेटर. नौदलाचे वैमानिक, अंतराळवीर. पत्नी गॅबी गिफर्ड्स यांच्यावर २०११ मध्ये टूसॉनमध्ये गोळीबार झाला आणि त्यातून दोघं उभे राहिले. सीमेच्या प्रश्नावर ते ठामपणे बोलू शकतात. पहिल्या दोन्ही कसोट्यांत उत्तम. अडचण सिनेटची आहे. तिथे डेमोक्रॅट्स ५१, रिपब्लिकन ४९. केली उपाध्यक्ष झाले तर त्यांच्या जागी गव्हर्नर नेमणूक करतील खऱ्या, पण २०२६ मध्ये पोटनिवडणूक घ्यावी लागेल. एरवी ती जागा २०२८ पर्यंत सुरक्षित आहे. हातातली जागा उगाच का टांगणीला लावायची?

टिम वॉल्झ, मिनेसोटाचे गव्हर्नर. आठवडाभरापूर्वी इथल्याही कित्येकांना हे नाव माहीत नव्हतं. टीव्हीवर त्यांनी ट्रम्प-व्हान्स मंडळींना सरळ "विचित्र" म्हणून टाकलं आणि आता सगळा पक्ष तेच म्हणतोय. शाळेत भूगोल शिकवायचे, फुटबॉलचे कोच, नॅशनल गार्डमध्ये २४ वर्षं. गव्हर्नर म्हणून सगळ्या शाळकरी मुलांना मोफत जेवण सुरू केलं. मला हा माणूस मनापासून आवडतो. शेजारचे काका वाटतात, जे तुमच्या गाडीची बॅटरी उतरली तर बोलावल्याशिवाय केबल घेऊन येतील. पण मिनेसोटा १९७६ पासून प्रत्येक वेळी डेमोक्रॅट्सकडेच गेलंय. तिथे नवं काही मिळवायचं नाहीये.

अँडी बेशिअर, केंटकीचे गव्हर्नर. ट्रम्प २०२० मध्ये जिथे जवळपास २६ टक्क्यांनी जिंकले, तिथे हा डेमोक्रॅट दोनदा निवडून आला. कमाल आहे. पण त्यांच्यामुळे केंटकी काही हलणार नाही. रॉय कूपर यांनी तर सोमवारीच नको म्हणून कळवलं. पीट बुटिजेज वादविवादात व्हान्सना जड जातील, पण गव्हर्नर किंवा सिनेटर म्हणून अख्ख्या राज्याचा कौल त्यांच्या पाठीशी नाही.

आणि जॉश शापिरो, आमचे गव्हर्नर.

मी बक्स काउंटीत राहतो. आमच्या गल्लीत एका घरावर ट्रम्पचा झेंडा, शेजारच्या घरापुढे हॅरिसची पाटी, आणि दोघांच्या मुलांची सायकल एकच. अशा ठिकाणी निवडून येणं म्हणजे काय ते रोज डोळ्यांनी दिसतं. शापिरो २०२२ मध्ये या राज्यात जवळपास १५ टक्क्यांच्या फरकाने जिंकले. समोरचा उमेदवार टोकाचा होता, हे मान्य. पण २०२० मध्ये, जेव्हा लोक बायडेन आणि ट्रम्प यांच्यात विभागले होते, त्याच दिवशी ॲटर्नी जनरलच्या निवडणुकीत शापिरोंना बायडेन यांच्यापेक्षाही थोडी जास्त मतं पडली होती. म्हणजे ट्रम्पला मत देऊन खाली शापिरोंना मत देणारे लोक आहेत. एक तर माझ्या ऑफिसातच बसतो.

काम? जून २०२३ मध्ये टँकर पेटून आय-९५ चा पूल कोसळला. त्याच रस्त्याने मी रोज फिलाडेल्फियाला जातो. सगळे म्हणत होते महिने लागतील. बारा दिवसांत गाड्या पुन्हा सुरू झाल्या. आपल्याकडच्या पुलांचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला हे बघून काय वाटलं असेल ते मी सांगायला नको. गव्हर्नर झाल्यावर त्यांनी पहिला आदेश काढला तो सरकारी नोकऱ्यांबद्दल. ९२ टक्के नोकऱ्यांसाठी चार वर्षांच्या पदवीची अट काढून टाकली. पदवी नसलेल्या मतदाराला "तुमची आम्हाला किंमत आहे" असं भाषणात सगळेच सांगतात. यांनी पहिल्याच दिवशी कागदावर उतरवलं. त्याआधी ॲटर्नी जनरल असताना कॅथलिक चर्चमधल्या बाललैंगिक अत्याचारांचा अहवाल काढला, ३०० हून जास्त पाद्र्यांची नावं त्यात होती. पहिल्या कसोटीला मी इथे पूर्ण गुण देतो.

आता गणित. जिंकायला ५३८ पैकी २७० हवेत. हॅरिस यांची भरवशाची राज्यं आणि नेब्रास्कामधली एक जागा धरली तर २२६ होतात. त्यात पेनसिल्व्हेनियाची १९, मिशिगनची १५ आणि विस्कॉन्सिनची १० मिळवा. बरोबर २७०. एकही जास्त नाही. यातलं पेनसिल्व्हेनिया गेलं तर भरून काढायला दक्षिणेतली किंवा वाळवंटातली दोन राज्यं तरी लागतील, किंवा जॉर्जिया नाहीतर नॉर्थ कॅरोलायना एकट्यानं मिळवूनही तीन कमीच पडतील. २०१६ मध्ये इथे ट्रम्प ४४ हजारांनी जिंकले, २०२० मध्ये बायडेन ८० हजारांनी. दोन्ही वेळा फरक सव्वा टक्क्याच्या आत. जोडीदारामुळे राज्य फिरत नाही हे मी वरच म्हटलं. पण इथे राज्य फिरवायचंच नाहीये, अर्धा टक्का हलवायचाय. तेवढं एक लोकप्रिय गव्हर्नर करू शकतो.

दोषही सांगतो. खासगी शाळांच्या व्हाउचरला त्यांचा पाठिंबा आहे, म्हणून शिक्षक संघटना नाराज आहेत. गेल्या वर्षी बजेट अडलं तेव्हा त्यातले १० कोटी डॉलर त्यांनाच व्हेटो करावे लागले. कॅम्पसवर गाझासाठी आंदोलन करणाऱ्या काही मुलांबद्दल ते जे बोलले ते मला अजिबात पटलं नाही. मिशिगनमधला अरब मतदार दुखावलेला आहे, आणि त्याचं दुःख खरं आहे. यावर शापिरोंना प्रश्न विचारलेच पाहिजेत.

पण मग तेच प्रश्न केलींनाही विचारा, बेशिअर यांनाही विचारा. इस्रायलच्या सुरक्षेला पाठिंबा आणि दोन राष्ट्रांचा तोडगा, हीच भूमिका थोड्याफार फरकाने सगळ्यांची आहे. नेतान्याहूंवर तर शापिरोंनी उघड आणि कडक टीका केली आहे. एकाच माणसाकडे हा हिशेब मागितला जातो, तेव्हा मला शंका येते.

मागच्या शनिवारी आमच्या ढोल-ताशाच्या सरावानंतर हाच विषय निघाला. एक जण, माझा जुना मित्र, म्हणाला, "अरे, एक तर बाई, त्यात काळी, त्यात भारतीय, आणि वर ज्यू? अमेरिकेला किती पचेल?" सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पण घरी येताना गाडीत माझी मुलगी गप्प होती. ती अठरा वर्षांची आहे, पहिल्यांदा मत देणार आहे. घराजवळ आल्यावर म्हणाली, "बाबा, म्हणजे आपण कधी पचणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कालच शिकागोत कृष्णवर्णीय पत्रकारांसमोर ट्रम्प म्हणाले की हॅरिस आधी भारतीय म्हणवून घ्यायच्या, मग अचानक काळ्या झाल्या. आपण सगळे त्यावर चिडलो, ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकले. मग "ज्यू नको, जड जाईल" हे आपण किती सहज बोलून जातो! याच राज्यात, पिट्सबर्गमध्ये, २०१८ साली सिनेगॉगमध्ये घुसून ११ जणांना मारलं गेलं. आणि लोकांना पचणार नाही म्हणाल, तर २००० मध्ये अल गोर यांच्यासोबत जो लीबरमन होते, पहिलेच ज्यू उमेदवार. त्या जोडीला देशभरात बुश यांच्यापेक्षा पाच लाखांहून जास्त मतं पडली, पेनसिल्व्हेनियाही त्यांनीच जिंकलं.

शापिरोंना त्यांच्या धोरणासाठी नाकारा, अनुभव कमी म्हणून नाकारा, दीडच वर्ष गव्हर्नर आहेत म्हणून नाकारा. वॉल्झ जास्त आवडले म्हणून वॉल्झना निवडा, मी टाळ्या वाजवेन आणि दारोदार फिरेन. फक्त "लोकांना काय वाटेल" या भीतीपोटी नाकारू नका. त्याच तर्काने चार वर्षांपूर्वी कमलाताईंनाही कोणी घेतलं नसतं, आणि आज हा प्रश्नच उद्भवला नसता.

माझं मत शापिरो. मंगळवारी सभेत दुसरंच कोणी उभं राहिलं तरी नोव्हेंबरमध्ये मी आणि माझी मुलगी एकाच रांगेत असू.

तुमचं मत काय? खाली लिहा. भांडा, पण सभ्यपणे. भाऊही वाचतोय.