दैव, उसंत आणि वीस षटके

वीस षटकांचे क्रिकेट म्हणजे निव्वळ जुगार, असे म्हणणारा एक तरी क्रिकेटरसिक प्रत्येक महाविद्यालयाच्या शिक्षककक्षात भेटतो. त्याच्या लेखी कसोटी हीच काय ती गुणवत्तेची परीक्षा. बाकी सारे दैवाधीन. हे मत टाकाऊ नाही. सुटलेला झेल, पंचांची चूक यांची भरपाई करायला पाच दिवसांत उसंत मिळते, एकशेवीस चेंडूंत मिळत नाही. तक्रार खरी आहे ती या उसंतीची. दैव कसोटीतही असतेच. नाणेफेक हरून शेवटच्या दिवशी भेगाळलेल्या खेळपट्टीवर उभ्या राहणाऱ्या फलंदाजाला ते विचारावे.

मला खटकते ते निराळेच. दैवाचे नाव आपण नेमके केव्हा घेतो?

२४ सप्टेंबर २००७, जोहान्सबर्ग. पहिल्या ट्वेंटी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना. पाकिस्तानला शेवटच्या षटकात १३ धावा हव्यात, गडी एकच शिल्लक. जोगिंदर शर्माचा पहिला चेंडू वाइड, पुढचा निर्धाव, त्यापुढच्यावर मिसबाहचा षटकार. चार चेंडूंत सहा धावा उरल्या असताना मिसबाहने खांद्यावरून मागे मारायला गेलेला चेंडू उंच उडाला आणि शॉर्ट फाइन लेगला श्रीशांतच्या हाती विसावला. भारत पाच धावांनी जिंकला. तो फटका आणखी थोडा लांब गेला असता, तर धोनीच्या ज्या निर्णयाला आपण दूरदृष्टी म्हणतो त्याला काय म्हटले असते? मिसबाहचा मात्र तो अविचार ठरला. त्याने ३८ चेंडूंत ४३ धावा केल्या नसत्या, तर सामना शेवटच्या षटकापर्यंत आलाच नसता, हे कोणी आठवत नाही. पुढे त्याच्याच नेतृत्वाखाली पाकिस्तान २०१६ मध्ये कसोटी क्रमवारीत अव्वल झाला. जोगिंदर त्या षटकानंतर भारताकडून एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही.

गंमत अशी की याच स्पर्धेत दरबानला हेच दोन संघ बरोबरीत सुटले, तेव्हा रिकाम्या यष्ट्यांवर चेंडू टाकून निकाल लावण्यात आला. भारताचे तिन्ही नेम लागले, पाकिस्तानचे तिन्ही हुकले. तो निकाल आपण नशिबाच्या खात्यावर टाकला. वास्तविक भारतीय संघाने त्याचा सराव केलेला होता!

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादेत सलग दहा सामने जिंकून आलेला भारत ऑस्ट्रेलियाकडून हरला. सामना पन्नास षटकांचा होता, तरीही नाणेफेक, दव, खेळपट्टी हे शब्द लगोलग परतले. एका सामन्यावरून श्रेष्ठत्व ठरावे काय, हा प्रश्नही आला. प्रश्न रास्त आहे. तो २००७ मध्ये आपल्याला सुचला नव्हता, एवढेच.

(ट्वेंटी-२० ही लघुकथा आणि कसोटी ही कादंबरी, ही आपल्या वर्गांत वरचेवर ऐकू येणारी उपमाही तपासायला हवी. लघुकथेला योगायोग सहसा सोसत नाही. कादंबरी दोन-चार सहज पचवते. मैदानावरच्या योगायोगाला तर लेखकच नसतो. तो आपण निकालानंतर नेमतो.)

दैवाचे नाव घेतल्याने आणखी एक घोटाळा होतो. १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर गप्टिलची फेक धावत्या स्टोक्सच्या बॅटला लागून सीमापार गेली, ते दैव. पण दोन्ही संघांच्या २४१ धावा आणि सुपर ओव्हरमध्येही १५-१५ झाल्यावर चौकार-षटकार मोजून इंग्लंडला विजयी ठरवले, तो माणसांनी केलेला नियम होता. आयसीसीने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो बदलला. न्यूझीलंडचे नशीबच फुटके, असे म्हणून हळहळणाऱ्यांनी या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या. दुबईत २०२१ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकातही तेच झाले. नाणे कोणत्या बाजूला पडेल ते दैवावर सोडता येईल. पण दव पडण्याच्या वेळी सामने ठेवून त्या नाण्याला एवढे वजन कोणी दिले, ते आयोजकांनाच विचारायला हवे होते.