संगणकातील साबण आणि फळीवरील साबण

"संगणकावर पाच वड्या दिसताहेत, पण सापडत नाहीत," असे उत्तर दुकानात तुम्हीही ऐकले असेल. आपण हसून दुसरे दुकान गाठतो. पण या पाच वड्या गेल्या कोठे, हा प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थ्याने सोडून देऊ नये.

विक्री व साठा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा हिशेब सोपा असतो. आरंभीची शिल्लक, अधिक आलेला माल, उणे गेलेला माल. मागणी नोंदवली पण माल अजून पाठवला नाही, तर तो राखीव धरतात. शिल्लक १००, राखीव ७०, म्हणजे नव्या गिऱ्हाइकाला देण्याजोग्या वड्या ३०. या बेरीज-वजाबाकीत संगणक सहसा चुकत नाही. चूक होते ती नोंद करताना.

समजा, कोणी १२ वड्या घेतल्या. ७ गुलाबाच्या, ५ चंदनाच्या, किंमत एकच. विक्रेता घाईत गुलाबाची एकच वडी बारा वेळा यंत्रापुढे धरतो. बारकोडच्या १३ आकड्यांतील शेवटचा आकडा वाचनातील चूक पकडण्यासाठीच असतो. पण येथे वाचन अचूक आहे! बिलही बरोबर. फक्त चंदनाच्या ५ वड्या संगणकात उगाच शिल्लक राहिल्या.

पुढे काय होते पाहा. शिल्लक ३ वर आली की नवा माल मागव, अशी संगणकाला आज्ञा आहे. फळी रिकामी झाली तरी त्याच्याकडे ५ आहेत, म्हणून तो माल मागवत नाही. माल नाही म्हणून विक्री नाही, आणि विक्री नाही म्हणून ५ चा आकडा हलत नाही. साबणाचे एक वेळ ठीक. पण हाच आकडा ग्रामीण दवाखान्यातील सर्पदंशावरच्या औषधाचा असेल तर?

माझे स्पष्ट मत असे, की हा आकडा म्हणजे मोजमाप नव्हे, अनुमान आहे. प्रयोगवहीत आपण मापाबरोबर संभाव्य चूकही लिहितो. तशी प्रत्येक शिल्लकेशेजारी शेवटच्या प्रत्यक्ष मोजणीची तारीख पडद्यावर दिसलीच पाहिजे. मोजायला माणसे कोठून आणायची, असे दुकानदार विचारतील. सगळे मोजायला कोण सांगतो? रोज सरासरी २ वड्या खपत असतील आणि गिऱ्हाइके आपापल्या मर्जीने येत असतील, तर ओळीने ५ दिवस एकही न खपण्याची शक्यता सुमारे २२ हजारांत एक एवढीच असते. (किरणोत्सारी पदार्थातील स्पंदने मोजताना वापरतात, तोच हा पॉयसाँचा नियम.) असे एकाएकी थंडावलेले जिन्नस संगणकानेच शोधून द्यावेत, आणि माणसाने उठून तेवढ्याच फळ्या पाहाव्यात. वर्षअखेरीस दुकान बंद ठेवून केलेल्या मोजणीपेक्षा रोजची ही दहा मिनिटे मला अधिक मोलाची वाटतात.

तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतही साठ्याची नोंदवही असेल. शिक्षकांची परवानगी घेऊन तीतील परीक्षानळ्यांचा आकडा पाहा, मग कपाट उघडून नळ्या मोजा. फरक किती निघाला आणि तो कोठून आला असावा, ते आम्हांला जरूर कळवा.